२०२६ च्या कॅलेंडरात जयंती का नाही

आमच्या छापखान्यातल्या २०२६ च्या कॅलेंडरात गुरू गोविंदसिंगांची जयंती नाही. मी विसरलेली नाही. जुळवताना ओळ गळाली असंही नाही आणि प्लेटवरून उडालेलीही नाही. तिथीने धरली तर ती त्या वर्षात येतच नाही. हे इथे लिहून ठेवतेय, म्हणजे जानेवारीत कुणी दुकानात भांडायला आलं की सरळ मोबाईल पुढे करता येईल. २०१८ च्या वेळी मी महिना-दीड महिना तेच तेच सांगत बसले होते आणि शेवटी घसा बसला.

आमचा छापखाना नांदेडला, वजिराबादेत. दादांनी, म्हणजे वडिलांनी, ट्रेडल मशीनवर सुरू केला. आता एक ऑफसेट, दोन मुलं आणि मी. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, निवडणूक लागली की हँडबिलं. दसरा झाला की कॅलेंडरांचा सीझन. बहुतेक गिऱ्हाइकांना शिवकाशीहून आलेलं तयार कॅलेंडर चालतं. लक्ष्मी, बालाजी नाहीतर गुलाबाचं फूल, आणि खाली आम्ही त्यांच्या दुकानाचं नाव मारून देतो. सरदारकाकांचं कॅलेंडर मात्र दादांच्या काळापासून आम्हीच जुळवतो. काकांचा ट्रान्सपोर्टचा धंदा. पाचशे प्रती, बारा पानं, वर टिनची पट्टी. प्रत्येक चौकटीत मराठी तिथी, आपले सण, आणि त्यात शिखांचे गुरुपुरब.

गुरुपुरब म्हणजे एक-दोन नव्हेत. दहा गुरू. प्रत्येकाचा जन्म, गुरुगद्दीवर बसण्याचा दिवस आणि देह ठेवण्याचा दिवस. नुसते एवढे धरले तरी आकडा तिसाच्या घरात जातो. जन्माला म्हणायचं प्रकाश पुरब, देह ठेवण्याला ज्योती-ज्योत, आणि पाचवे गुरू अर्जनदेव व नववे गुरू तेगबहादूर यांच्या बाबतीत शहीदी. त्यावर वैशाखी, होला महल्ला, बंदी छोड दिवस, गुरू ग्रंथसाहिबांचा पहिला प्रकाश, साहिबजाद्यांची शहीदी, आणि दर महिन्याची संगरांद, म्हणजे संक्रांत. दीड इंचाची चौकट, त्यात आठ पॉइंटाचं अक्षर. संकष्टी आणि संगरांद एका चौकटीत आली की माझ्या पोटात गोळा येतो.

पहिला धडा दादांना मिळाला. मी तेव्हा सातवीत होते. काकांनी कागदावर लिहून दिलं होतं, 'गुरू तेगबहादूर प्रकाश पुरब, वैशाख वदी ५'. दादांनी पंचांग उघडलं, वैशाख वद्य पंचमी शोधली, छपाईचे खिळे जुळवले, पाचशे प्रती छापल्या, पट्टी मारली, गठ्ठे बांधले. काका गठ्ठे न्यायला आले, वरची प्रत उलटी-सुलटी केली, मे महिन्यावर थांबले आणि म्हणाले, "भाऊ, गुरुजी एक महिना उशिरा जन्मले की तुमच्याकडं."

त्यावर मिटलेलं दुकान पुन्हा उघडलं गेलं, चहा आला, आणि काकांनी दादांना समजावलं. तुमचा महिना अमावस्येला संपतो, आमचा पुनवेला. पंजाबात काळोखा पंधरवडा आधी, उजेडाचा नंतर. त्यामुळे शुद्ध पक्षात आपलं आणि त्यांचं महिन्याचं नाव जुळतं, वद्य पक्षात एका महिन्याने सरकतं. त्यांची वैशाख वदी म्हणजे आपला चैत्र वद्य. चंद्र तोच, रात्र तीच, फक्त नाव वेगळं. दादा पंचांग बघून कामं करणारा माणूस, त्यांना हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. उत्तर भारतात श्रावण पंधरा दिवस आधी लागतो हे ते सगळ्यांना सांगायचे. पण कागदावरची ओळ आणि डोक्यातली माहिती यांची गाठ पडायला चूक व्हावी लागते.

मग आई, मी आणि धाकटा भाऊ, तिघं दोन रात्री चिठ्ठ्या चिकटवत बसलो. चैत्रातल्या चौकटीवर एक, वैशाखातली चूक झाकायला एक. पाचशे गुणिले दोन. खळीचा तो आंबूस वास अजून नाकात आहे. दादांनी त्यानंतर खिळ्यांच्या लाकडी केसवर एक पुठ्ठा ठोकला: 'शिखांची वदी असेल तर एक महिना मागे.' खिळे भंगारात गेले, ट्रेडल गेलं, केस मी ठेवलीय. तिच्यात आता बॉलपेनं आणि चार्जर असतात. पुठ्ठा तसाच आहे. २०२१ मध्ये गुरू तेगबहादुरांच्या जन्माला ४०० वर्षं झाली, तेव्हा मी त्या पुठ्ठ्याकडे बघूनच १ मेची चौकट भरली. चैत्र वद्य पंचमी.

दुसरा धडा माझा. गुरू गोविंदसिंगांचा जन्म पौष शुद्ध सप्तमीचा, पाटण्याचा, साल १६६६. शुद्ध पक्ष, म्हणजे पुठ्ठ्याची गरज नाही, सोपं काम. २०१७ च्या कॅलेंडरात ही सप्तमी ५ जानेवारीला आली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुन्हा आली. दोनदा जयंती, कुणाची तक्रार नाही. गोड दोनदा मिळालं तर कोण कशाला बोलतंय. २०१८ चं कॅलेंडर गेलं आणि आठवड्याने काकांच्या ऑफिसातला मुनीम दारात. "ताई, तुम्ही आमची जयंतीच खाल्लात."

मी पंचांग तीनदा तपासलं. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, पौष शुद्ध सप्तमी कुठेच नाही. पुढची थेट १३ जानेवारी २०१९. हिशोब साधा आहे, पण तो मुनिमाला सांगताना मला घाम फुटला. बारा चांद्रमहिने म्हणजे ३५४ दिवस. इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. म्हणून तिथी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येते आणि तूट साठली की अधिक महिना टाकून तिला पुन्हा पुढे ढकलतात. जानेवारीच्या सुरुवातीला असलेली तिथी अकरा दिवस अलीकडे आली की डिसेंबरात जाते, आणि पुढच्या वर्षी अधिक महिना पडला की उडी मारून त्याच्या पुढच्या जानेवारीत. मधलं साल कोरडं. २०१८ ला अधिक ज्येष्ठ होता. २०१५ आणि २०२३ सुद्धा असेच कोरडे गेले. आणि आता २०२५ मध्ये ६ जानेवारी आणि २७ डिसेंबर अशी दोनदा, २०२६ मध्ये पुन्हा अधिक ज्येष्ठ, आणि मग एकदम १५ जानेवारी २०२७. झालं. हेच सांगायचं होतं. ज्यांना फक्त एवढ्यासाठी मोबाईल दाखवलाय त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

बाकीच्यांसाठी खरी गंमत पुढे आहे.

काकांचा मुलगा ब्रॅम्पटनला असतो, कॅनडात. तिकडे ट्रक चालवतो. गेली काही वर्षं तो डिसेंबरात त्यांच्या गुरुद्वाऱ्यातल्या कॅलेंडरचा फोटो काकांना पाठवतो आणि काका तो मला पाठवतात, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह टाकून. त्या कॅलेंडरात गुरू गोविंदसिंगांची जयंती दरवर्षी ५ जानेवारी. हलत नाही, दोनदा येत नाही, गायब होत नाही. खाली लिहिलेलं असतं, २३ पोह.

हे नानकशाही कॅलेंडर. पालसिंग पुरेवाल म्हणून एक अभियंते होते, मूळचे पंजाबचे, कॅनडात एडमंटनला स्थायिक झालेले. २०२२ मध्ये वारले. त्यांनी आधी पाचशे वर्षांची जंत्री तयार केली होती. पंजाबात पंचांगाला जंत्री म्हणतात. आपल्याकडे जंत्री म्हटलं की दादांच्या वयाच्या माणसाला व्याजाचं कोष्टक आठवतं, पण तेही तसं चुकीचं नाही. पाचशे वर्षांच्या तारखा हाताखालून गेल्यावर त्या माणसाला चंद्राच्या मागे धावण्याचा कंटाळा आला असणार, हा माझा आपला अंदाज. त्यांनी सुचवलं की सगळं सूर्यावर बसवा. इसवी सन १४६९ पासून, म्हणजे गुरू नानकांच्या जन्मवर्षापासून. १ चेत म्हणजे १४ मार्च, कायमचा. पहिले पाच महिने ३१ दिवसांचे, पुढचे सात ३० चे, आणि लीप वर्षी शेवटच्या फग्गणला एक दिवस जादा. २००३ च्या वैशाखीला हे कॅलेंडर अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने लागू केलं.

मला सुरुवातीला वाटलं की त्यांनी इतिहासातली इंग्रजी तारीख उचलून बसवली असेल. तसं नाही. गुरू गोविंदसिंगांच्या जन्माची तारीख पुस्तकांत २२ डिसेंबर १६६६ अशी सापडते, ती जुन्या ज्युलियन पद्धतीची. पुरेवालांनी ती घेतलीच नाही. जन्माच्या दिवशी पोह महिन्याचा कितवा सौर दिवस होता ते काढलं, तेविसावा आला, आणि २३ पोह पक्का केला. महिना १४ डिसेंबरला सुरू होतो, म्हणून २३ वा दिवस ५ जानेवारी. अशाच रीतीने गुरू अर्जनदेवांची शहीदी २ हाड, म्हणजे १६ जून. गुरू तेगबहादुरांची ११ मग्घर, म्हणजे २४ नोव्हेंबर.

छापखानेवाली म्हणून मी या माणसावर जीव ओवाळून टाकीन. एकदा जुळवा, एकदा तपासा, पुढच्या वर्षी फक्त वार बदला. पंचांग नको, पुठ्ठा नको, मुनीम नको.

त्यांचा मुख्य मुद्दा मात्र छपाईचा नव्हता, ऋतूंचा होता. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ, वर्षातून एकदा. खरं तर सूर्य दर महिन्याला रास बदलतो, म्हणजे संक्रांती बारा. शिखांच्या घरात त्या बाराही पाळतात, संगरांद म्हणतात. त्या दिवशी गुरुद्वाऱ्यात बारामाह वाचलं जातं, त्यात एकेका महिन्याच्या ऋतूचं वर्णन आहे. चेतात वसंत, हाडात होरपळ, सावणात पाऊस, पोहात थंडी. आता जुन्या हिशोबातलं वर्ष खऱ्या ऋतुवर्षापेक्षा वीस-चोवीस मिनिटांनी मोठं आहे. वीस मिनिटं म्हणजे काय, आमच्याकडे प्लेट लावायला तेवढा वेळ जातो. पण साठ-सत्तर वर्षांत त्याचा एक दिवस होतो. मकर संक्रांत लहानपणी १४ ला असायची आणि आता मधूनमधून १५ ला का येते, त्याची मेख इथेच आहे. खालसा स्थापन झाला ती १६९९ ची वैशाखी आजच्या पद्धतीने मोजली तर ८ एप्रिलच्या आसपास पडते. आज ती १३-१४ एप्रिलला असते. असंच चालू राहिलं तर हजार वर्षांत आणखी पंधरवडाभर सरकेल, आणि कधीतरी बारामाहातला सावण कोरडा वाचावा लागेल.

मी हे काकांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "बेटा, हाड म्हणजे होरपळ हे पंजाबचं. हितं नांदेडला हाड लागतो तेव्हा लोकं पेरण्या उरकायलेत. बारामाह आम्ही तीनशे वर्षं ऋतू न जुळता वाचतोय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. नंतर बिलबुकांना नंबर मारता मारता वाटलं, आपलंही दोन वह्यांचंच घर आहे की. देवाला तिथी चालते, पण पेरणीला मृग लागतो, आणि मृग दरवर्षी ७-८ जूनला येतो तो सूर्यावर. मराठवाड्यातला कुठलाही शेतकरी आषाढी तिथीने सांगतो आणि पावसाचं नक्षत्र तारखेने. त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. दोन घड्याळं वापरायची सवय आपल्याला आहेच, फक्त कुणी विचारलं की आपण गोंधळतो.

नानकशाही सुटसुटीत असलं तरी सगळीकडे चाललं नाही. मुळात पुरेवालांच्या कॅलेंडरातही तीन गोष्टी चंद्रावरच ठेवल्या गेल्या होत्या. गुरू नानकांची जयंती कार्तिक पौर्णिमेला, बंदी छोड दिवस दिवाळीला आणि होला महल्ला होळीच्या दुसऱ्या दिवशी. पुढे २०१० मध्ये कमिटीने आणखी काही गुरुपुरब तिथीवर नेले आणि संगरांद जुन्या हिशोबावर. त्यावरून मोठा वाद झाला, अजून आहे. परदेशातले बरेच गुरुद्वारे आणि पाकिस्तानातली गुरुद्वारा कमिटी मूळ २००३ चं कॅलेंडर धरून आहेत. त्यामुळे गुरू अर्जनदेवांच्या शहीदीला, जी लाहोरला झाली, लाहोरची तारीख एक आणि अमृतसरची दुसरी. आणि आमचं नांदेडचं हुजूर साहिब आणि पाटणा साहिब ही दोन तख्तं, म्हणजे शिखांची मोठी धर्मपीठं, पहिल्यापासून बिक्रमीवर, म्हणजे जुन्या तिथीच्या पंचांगावर. नानकशाही इथे लागूच झालं नाही.

का लागू झालं नाही याची मोठी मोठी कारणं लोक देतात. त्यात मी पडत नाही, मला तेवढं कळतही नाही. मी फक्त माझ्या दारातून जे दिसतं ते सांगते.

दिवाळीच्या तोंडावर इथे तख्त स्नान असतं. सकाळपासून गोदावरीवरून गागरी भरून आणतात आणि तख्त साहिब धुतात. बाया, पोरं, म्हातारे, पंजाबातून आलेले पाहुणे, सगळे रांगेत. पितळी गागर डोक्यावर घेतली की ती कितीही धरली तरी हिंदकळते, खांदा भिजतो, पाठ भिजते, आणि घाटापासून दर्शनी गेटपर्यंतचा रस्ता ओला होतो. त्या ओल्या रस्त्यावरूनच मी त्या दिवशी दुकानात येते, चपला हातात घेऊन. इकडे दुकानात आई नरकचतुर्दशीचं उटणं कालवत असते. पुढे भाऊबीजेला आमच्याकडे ओवाळणी आणि तिकडे गुरुतागद्दी, ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याचा दिवस. ते याच गावात घडलं, १७०८ मध्ये. त्यानंतर तीन दिवसांनी, कार्तिक शुद्ध पंचमीला, गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. दसऱ्याला आणि धुळवडीला हल्ला निघतो, घोडे, निशाण, नगारे, आणि शेवटी सगळा जमाव धावत सुटतो. आमच्या गल्लीतली रंगाने बरबटलेली पोरं त्यात मिसळतात. कोण कुणाच्या सणात शिरलं ते सांगता येणार नाही.

२००८ ला गुरुतागद्दीची त्रिशताब्दी झाली, ती ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळीला लागून. त्या साली गावातले रस्ते रुंद झाले, आम्ही रात्रंदिवस पासेस आणि नकाशे छापले आणि दादांनी फराळ मशीनवर उभ्या उभ्या खाल्ला. नानकशाहीत गुरुगद्दीचा दिवस २० ऑक्टोबर आहे. चांगली तारीख आहे, सोयीची आहे. पण २० ऑक्टोबरला आमच्या आईची दिवाळी असेलच असं नाही.

आता सोयीचं म्हणाल तर तिथीची गैरसोय काका रोज भोगतात. पंजाबातून पाहुणे येतात सचखंड एक्स्प्रेसने, अमृतसर ते नांदेड. त्यांना प्रवासाचा बेत आधीच आखायचा असतो. त्यासाठी पुढच्या वर्षीची तारीख आत्ता लागते. मग फोन मला. "बेटा, पुढच्या दिवाळीची तारीख काढ की." ८ नोव्हेंबर, काका. "पक्कं?" पक्कं. एवढ्या खात्रीने मी स्वतःच्या घरातली कामंही सांगत नाही.

गेल्या आठवड्यात काका २०२६ चं प्रूफ बघायला आले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, निळी पगडी तशीच ताठ. चष्मा पुसला, जानेवारी बघितला, मान हलवली. त्यांना २०१८ आठवत होतं. "या साली पण खाल्ली का सप्तमी?" मी म्हटलं, खाल्ली. "डिसेंबरात बघितलीस?" बघितली, काका, यंदाच २७ ला आहे ना, ती या वर्षाची झाली.

२७ डिसेंबरचं नाव काढलं आणि काका गप्प झाले. कारण ते दिवस साहिबजाद्यांचे. गुरू गोविंदसिंगांची दोन मोठी मुलं चमकौरच्या लढाईत गेली आणि दोन धाकटी, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, सरहिंदला भिंतीत चिणली. पोह महिन्यातले ते दिवस सौर तारखेने पाळतात, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातून ते फारसे हलत नाहीत. त्या आठवड्यात फतेहगढ साहिबला लाखो लोक जमतात आणि कितीतरी घरांत लग्नकार्यं करत नाहीत. जन्म मात्र तिथीने. मग तीन-चार वर्षांतून एकदा बापाच्या जन्माची सप्तमी लेकरांच्या मरणाच्या आठवड्यात येऊन पडते. २०१४ ला २८ डिसेंबरला पडली होती, तेव्हाही गवगवा झाला होता. एक दिवस सूर्यावर आणि दुसरा चंद्रावर ठेवला की दोघांची कधी ना कधी टक्कर होणारच.

"पोराचं म्हणणं हेच आहे," काका म्हणाले. "तो म्हणतो, बापू, तुमच्याकडं एकाच दिवशी रडायचं का हसायचं कळत नाही. आमच्याकडं पाच जानेवारी, काही झंझट नाही." हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं. कॅलेंडरचं नव्हे, मुलगा बरोबर बोलतोय याचं.

मी म्हटलं, काका, असं करू. ५ जानेवारीच्या चौकटीत खाली बारीक अक्षरात '२३ पोह, नानकशाही' टाकते. तुमच्याकडे गाड्यांचे ड्रायव्हर पंजाबचे, त्यांनाही उपयोग होईल. आणि डिसेंबरच्या पानाखाली एक ओळ देते, 'पुढील पौष शुद्ध सप्तमी १५ जानेवारी २०२७'. म्हणजे मुनीमजी येणार नाहीत.

काकांनी बराच वेळ त्या चौकटीवर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "टाक. पण अक्षर बारीक ठेव. सहा पॉइंट." मी म्हटलं सहा पॉइंट तुम्हाला दिसणार नाही. "मला बघायचंच नाही."

एकदा दोन्ही हिशोब टाकायचे ठरल्यावर मी ब्रॅम्पटनचा यंदाचा फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि पान पान जुळवत गेले. काका स्टुलावर बसून मशीनवरच्या पोराला ड्रायव्हर लोकांच्या गोष्टी सांगत होते. जून ठीक. सप्टेंबरात १ तारखेला ग्रंथसाहिबांचा पहिला प्रकाश, ठीक. ऑक्टोबर ठीक. नोव्हेंबरला आले आणि थांबले. २४ तारखेच्या एकाच चौकटीत दोन ओळी होत्या. मला वाटलं फोटो हलला असेल. मी आमचं पंचांग काढलं. २०२६ ची कार्तिक पौर्णिमा २४ नोव्हेंबरला. म्हणजे गुरू नानकांची जयंती. आणि ११ मग्घर, जी कधी हलत नाही, तीही २४ नोव्हेंबर. गुरू तेगबहादुरांची शहीदी. आमच्याकडे तिथीने ती मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, डिसेंबरात जाते, इथे टक्कर नाही. टक्कर तिकडे, ब्रॅम्पटनला. पहिल्या गुरूंचा जन्म आणि नवव्या गुरूंचं बलिदान, एका चौकटीत, आठ पॉइंटात.

मी स्क्रीन काकांकडे वळवली. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, ओठ हलवत दोन्ही ओळी वाचल्या. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. खिशातून फोन निघाला.

मी म्हटलं, काका, आपल्याकडे साडेबारा वाजलेत. तिकडे रात्रीचे दोन.

"मग घरीच असेल," काका म्हणाले आणि व्हिडिओ कॉल लावला.

रिंग वाजत राहिली. मुलाने उचलला नाही. काकांनी दुसऱ्यांदा लावला. मशीन बंद करून आमची दोन्ही पोरं बघत उभी. तिसऱ्यांदाही नाही. शेवटी त्यांनी प्रुफावर नोव्हेंबरचं पान वर घेतलं, २४ तारखेभोवती लाल पेनने गोल केला, त्याचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला. खाली फक्त एक प्रश्नचिन्ह.

मग बाराही पानांवर गुरमुखीत सही केली आणि पट्टी यंदा जरा चांगल्या टिनची लाव म्हणाले, मागच्या वर्षीची गंजली होती.